पत्ता बदलला आहे

संस्थेत त्यांना सगळे पत्रमावशी म्हणत. सख्ख्या मावशी त्या कुणाच्याच नव्हत्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्या आईसाठी पलंग न्यायला आल्या होत्या. हँडल फिरवलं की डोक्याकडचा भाग वर येतो, तसला पलंग. संस्थेचं कामच ते. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की पलंग, वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची, जे लागेल ते वापरायला द्यायचं आणि गरज संपली की परत घ्यायचं. भाडं नाही, अनामत नाही, फक्त एक सही.

आईनं तो पलंग सात महिने वापरला. तो परत करायला मावशी आल्या, तेव्हा संस्था चालवणारे डॉक्टर एका देणगीदाराला पत्र लिहीत बसले होते. टेबलाखाली चुरगाळलेल्या कागदांचा ढीग पडला होता. माणूस ऑपरेशनला घाबरत नसे, पण चार ओळी मागायच्या म्हटलं की त्यांची पंचाईत होई.

"मी लिहून पाहू का?" मावशींनी विचारलं. त्या तेव्हा एका शाळेच्या कचेरीत टंकलेखनाचं काम करत होत्या.

त्यांनी लिहिलं ते आईच्या पलंगाबद्दल. आईला खिडकीबाहेरचा रस्ता कसा दिसायला लागला, आणि शेवटच्या आठवड्यात ती समोरच्या शिंप्याच्या गिऱ्हाइकांना नावं कशी ठेवत होती, एवढंच. मागणं शेवटच्या ओळीत. डॉक्टरांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "उद्यापासून येता का?"

त्या आल्या, आणि राहिल्या. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. आईच्या आजारपणात ते राहूनच गेलं आणि मग कुणी विषय काढेनासं झालं. धाकट्या भावाच्या घरात त्यांची एक खोली होती, आणि भावजय बाई फटकळ असली तरी मनानं चांगली होती.

दर महिन्याला संस्थेचं एक छापील पत्र निघे, दोन पानी. ते मावशी लिहीत. पहिल्याच पत्राला आलेल्या उत्तरांत एक जाड पाकीट होतं. आत त्यांचंच पत्र होतं, लाल शाईनं भरलेलं. 'आणी' वर काट मारून समासात 'आणि' लिहिलेलं, 'पाठवावि' ची वेलांटी फिरवलेली, एक स्वल्पविराम उचलून दोन शब्द पुढे नेऊन ठेवलेला. खाली बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं:

"स. न. वि. वि. मजकूर चांगला आहे. चुका अकरा आहेत. चुका सुधारता येतात, मजकूर शिकवता येत नाही. छोटी देणगी वेगळ्या मनिऑर्डरनं पाठवली आहे."

सही होती, आणि सहीखाली 'मुद्रितशोधक' एवढाच हुद्दा. एका छापखान्यात प्रुफं तपासणारा माणूस.

मावशींना आधी राग आला. फुकटचे मास्तर आले, असं त्या घरी भावजयीला म्हणाल्याही. मग दुसऱ्या महिन्याचं पत्र त्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून लिहिलं. ते परत आलं तेव्हा चुका चार होत्या, आणि समासात लिहिलं होतं, "प्रगती आहे."

असं बावीस वर्षं चाललं. दर महिन्याला पत्र जाई, दर महिन्याला ते तपासून परत येई, आणि वर्षातून दोनदा मनिऑर्डर. चुका संपल्या त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, पण पत्र परत येणं थांबलं नाही. आता समासात इतर गोष्टी असत. "कुबडीच्या रबराबद्दल वाचून वडिलांची काठी आठवली." किंवा, "छापखान्यात आज दिवसभर वीज नव्हती. सगळे दारात बसून बोललो. बरं वाटलं." एकदा नुसतंच, "या वेळी तुम्ही दमलेल्या दिसता. वाक्यं आखूड आहेत."

हे वाचून मावशी बराच वेळ खिडकीपाशी उभ्या राहिल्या होत्या. त्या महिन्यात त्या खरंच दमल्या होत्या, आणि घरात किंवा संस्थेत कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

दोघं कधी भेटली नाहीत. त्या गृहस्थांचा पत्ता गावाच्या दुसऱ्या टोकाचा, दोन बस बदलून जाण्याइतका लांब. देणगीदाराच्या घरी जायला तसं निमित्त पुष्कळ निघालं असतं. पण मावशी म्हणत, उगीच कशाला. मनात मात्र त्यांनी त्यांचं एक चित्र काढून ठेवलं होतं. ज्याच्या वेलांट्या इतक्या उंच चढतात, तो माणूस उंच असणार. थोडा वाकून चालत असेल. कमी बोलत असेल.

मग दिवस वाईट आले. आधी मोठे कारखाने अर्ध्या पाळीवर गेले, मग दुकानांच्या पाट्या उतरायला लागल्या. संस्थेला दोन्हीकडून मार बसला. लोकांना दवाखान्याचा खर्च झेपेना, ते रुग्णाला लवकर घरी आणत. त्यामुळे पलंगासाठी संस्थेच्या कोठीबाहेर रांग लागे. आणि जे देत होते तेच आता हात आखडता घेऊ लागले. काहींनी तर देणगी देण्याऐवजी स्वतःच वॉकर नेला. डॉक्टरांनी रस्त्यावरची कचेरी सोडली आणि टेबलं मागच्या गल्लीतल्या कोठीत, पलंगांच्या शेजारी आणून मांडली. छापील पत्र बंद झालं. छपाई आणि टपाल यांचा खर्च आता परवडणार नव्हता. यापुढे सगळं ई-मेलवर आणि संस्थेच्या संकेतस्थळावर.

"पत्ता बदललाय हे लोकांना कळवायला हवं," मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या.

"कळवलं की. सगळ्यांना ई-मेल गेलाय," डॉक्टर म्हणाले.

देणगीदारांचे पत्ते मावशींनी हाताने लिहिलेल्या कार्डांचा खोका तेव्हा कपाटावर पडून होता. त्यातल्या पुष्कळांना ई-मेल नव्हता. हे त्यांना माहीत होतं, आणि त्या बोलल्या नाहीत. त्याच आठवड्यात कोठीतल्या माणसाचा पगार अर्धा झाला होता. तिकिटांसाठी पैसे मागायला त्यांची जीभ रेटेना.

नव्या व्यवस्थेसाठी एक मुलगी आली. सत्ताविशीची, मोठ्या जाहिरात कंपनीतून नोकरी गेलेली, अर्ध्या पगारावर अर्धा दिवस काम करणारी. कोठीतल्या मंडळींनी तिचं नाव वेबवाली ठेवलं. ती भराभर बोले आणि चहा थंड करून पिई.

"मावशी, मागणं पहिल्या ओळीत यायला पाहिजे," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "लोक बोटानं वर सरकवत वाचतात. शेवटच्या ओळीपर्यंत कुणी पोचत नाही."

"बावीस वर्षं पोचत होते."

"ते कागदावर. आणि फोटो हवा. चेहरा हवा. आजारी माणसाचा."

"चेहरा नाही," मावशी म्हणाल्या. "माझ्या आईचा मी दिला नसता. दुसऱ्याच्या आईचा का देऊ?"

वेबवालीनं वाद घातला नाही. तिनं रिकाम्या चाकाच्या खुर्चीचा फोटो काढला, उन्हात ठेवून, आणि तो बरा चालला. त्या दिवसापासून दोघींचं जमायला लागलं. मावशी मजकूर लिहीत, वेबवाली तो कापून आखूड करी, मावशी त्यातली एखादी ओळ परत घालत.

पण परत काही येईना. अंगठे येत, हात जोडलेली चित्रं येत, अधूनमधून देणगीही येई. समासच नव्हता. मावशींनी मनाला बजावलं, छापखाने बंद पडतायत, त्यांचंही तसंच काही झालं असेल; देता येत नाही म्हणून संकोचले असतील. दुसरं मन म्हणे, यायचं असतं तर कसंही आलं असतं. पहिले सहा महिने त्या रोज वाट पाहत होत्या. मग रोज वाट पाहत नाही असं दाखवायला लागल्या, स्वतःलाच.

दीड वर्ष होत आलं तेव्हा एक दिवस वेबवालीनं खुर्ची वळवली.

"मावशी, 'आर्शिवाद' असं लिहिलंय तुम्ही. रफार चुकीच्या अक्षरावर आहे ना?"

"असेल."

"मागच्या वेळी 'आणी' होतं. मी गुपचूप सुधारलं. त्याच्या आधी 'दूरुस्ती'. कोठीतल्या बोर्डावर कुणी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तर तुम्ही खडू घेऊन उठता." तिनं आवाज खाली आणला. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

मावशींनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. छप्पन्न वर्षांच्या बाईला लाज वाटावी असं काही त्यात नव्हतं, तरी कानाच्या पाळ्या तापल्या.

"एक गृहस्थ होते," त्या म्हणाल्या. "चूक दिसली की त्यांना राहवायचं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वेबवाली मध्ये एकदाही बोलली नाही, हे तिच्या बाबतीत नवलच. शेवटी तिनं विचारलं, "त्यांना ई-मेल आहे?"

"छे."

"मग ही चूक ते बघणार कुठे?"

मावशींनी पेन खाली ठेवलं.

"आणि आपण इथे आलोय, हे त्यांना कुणी कळवलं?"

कोठीत तेव्हा एक मुलगा आणि सून वडिलांसाठी कुबड्यांची उंची मापत होते. लाकडाचा फरशीवर टकटक आवाज येत होता. मावशी उठल्या आणि पिशवी घेऊन बाहेर पडल्या.

जुनी कचेरी चालत दहा मिनिटांवर होती. दीड वर्षात मावशी त्या रस्त्यानं फिरकल्या नव्हत्या, मुद्दाम. शटर खाली ओढलेलं होतं. मंदीत मालकाला दुसरा भाडेकरू मिळालेला नव्हता. शेजारी चाव्या करून देणारा बसायचा, तो अजून तिथेच होता.

"या, या. इतक्या दिवसांनी?" तो म्हणाला. "तुमचं टपाल न्यायला आलात का?"

"कसलं टपाल?"

"पोस्टमन नवा आहे. फटीतून आत सरकवतो. मी म्हटलं त्याला, इथे कुणी नाही. तो म्हणतो, पत्ता हाच आहे."

मालकाला फोन करून परवानगी घेतली, चावीवाल्यानं कुलूप उघडलं, आणि दोघांनी मिळून शटर कमरेइतकं वर घेतलं. मावशी वाकून आत गेल्या. फरशीवर, दारापासून हातभर अंतरात, पाकिटांचा पसारा पडला होता. काही ओल आल्यानं फुगलेली, काहींवर बुटाचे ठसे असावेत तशी धूळ. त्यांनी गुडघे टेकले. ओळखीची अक्षरं एकेक करून वर आली: तो विमा कचेरीतला कारकून, त्या दोघी नर्स बहिणी, तो बेकरीवाला. हे सगळे थांबले, असं त्या समजत होत्या. आणि त्यांच्यात जागोजागी ते नेटकं, उंच वेलांट्यांचं अक्षर.

सात पत्रं होती. तिथेच, शटरखालून येणाऱ्या उजेडात, मावशींनी ती तारखेप्रमाणे लावून वाचली.

पहिलं साधं होतं. "या महिन्याचं पत्र आलं नाही. काही घोळ झाला असावा." दुसऱ्यात, "मनिऑर्डर परत आली. घेणारं कोणी नाही, असा शेरा आहे. पुन्हा पाठवतो." तिसऱ्यात छापखाना बंद झाल्याचं एका वाक्यात, आणि पुढे, "यापुढे रक्कम कमी असेल. राग मानू नये." चौथं मावशींनी दोनदा वाचलं.

"संस्था बंद पडल्याचं कुठे वाचनात नाही. तेव्हा असं वाटतं की माझ्या दुरुस्त्यांचा तुम्हाला त्रास झाला असावा. गेली कित्येक वर्षं तुमच्या पत्रात चुका नव्हत्या. मी उगाच शोधत होतो. पत्र परत पाठवायला काही कारण हवं, म्हणून. याबद्दल क्षमा असावी."

पाचव्या पत्रापासून अक्षर मोठं व्हायला लागलं. सहाव्यात ओळी एकमेकींवर चढलेल्या होत्या. सातवं चार महिन्यांपूर्वीचं, एका पानावर जेमतेम पाच वाक्यं मावलेली. "डोळे गेले म्हणायला हरकत नाही. पुतणी न्यायला आली आहे, ती लांबच्या गावी असते. हे पत्र चुकांसकट पाठवतो आहे, तपासता येत नाही. तुमची पत्रं सगळी सोबत नेतो आहे. आता पत्ता देऊन उपयोग नाही."

चावीवाल्यानं बाहेरून विचारलं, "बाई, ठीक आहे ना?"

"हो," मावशी म्हणाल्या. "धूळ फार आहे."

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची बैठक होती. विषय एकच, पलंग विकून कोठी लहान करायची का. मावशींनी टेबलावर त्रेसष्ट पाकिटं मांडली.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आपले देणगीदार. आपण म्हणत होतो, वाईट दिवसांत लोक पाठ फिरवतात. यांनी फिरवली नाही. पत्ता आपण बदलला आणि सांगितलं फक्त ज्यांच्याकडे ई-मेल आहे त्यांना." त्या थांबल्या. "मला हे तेव्हाच माहीत होतं. मी बोलले नाही. चूक माझीही आहे."

डॉक्टर एकेक पाकीट हातात घेऊन पाहत राहिले. मग म्हणाले, "मी तुम्हाला बोलायला जागाच ठेवली नव्हती. काय करू या?"

"पत्र लिहू. कागदावर. आणि त्यात काही मागायचं नाही."

एक सभासद खुर्चीत पुढे सरकले. "अहो, तिकिटं लावून पाठवायचं आणि मागायचं नाही? मग पाठवायचं कशाला?"

उत्तर वेबवालीनं दिलं. "त्यातल्या कितीतरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या असतील. माझी गेली तेव्हा सगळे ओळखीचे फोन करायचे थांबले. ज्यानं काही काम नसताना केला, त्याला मी विसरणार नाही."

मावशींनी ते पत्र एका बैठकीत लिहिलं. आम्ही बंद पडलो नव्हतो, तुम्हाला हरवून बसलो होतो, इथून सुरुवात. कोठी कुठे आहे, काय काय आहे, कोणता पलंग सध्या कुठल्या गल्लीत कुणाच्या आजीला रस्ता दाखवतोय. आणि, तुमच्याच घरात कुणाला लागलं तर संकोच करू नका; तुम्ही दिलेलंच आहे. देणगीचा शब्द नाही. वेबवालीनं ते वाचलं आणि एकही ओळ कापली नाही.

कपाटावरचा खोका खाली आला. त्यातल्या सगळ्या कार्डांना पत्रं गेली. दोन आठवड्यांत टपाल परत येऊ लागलं. बेकरीवाल्यानं दुकान विकलं होतं; त्यानं दोन पानं लिहिली आणि बायकोसाठी वॉकर मागितला. विमा कचेरीतला कारकून आता रिकामा होता, तो आठवड्यातून तीन दिवस येऊन पलंगांची हँडलं दुरुस्त करायला लागला. नर्स बहिणींनी एक धनादेश पाठवला आणि खडसावलं, की पुन्हा असं हरवाल तर याद राखा. जादू काही झाली नाही. कोठी टिकली, पलंग विकावे लागले नाहीत, आणि कोठीतल्या माणसाला पुढच्या महिन्यात पूर्ण पगार मिळाला.

सातव्या पत्राला मात्र उत्तर पाठवायचं कुठे? मावशी दोन बस बदलून त्या पत्त्यावर गेल्या. बावीस वर्षं जे जमलं नाही ते एका सकाळी जमलं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत आता नवं जोडपं राहत होतं. दाराशी पायपुसणं, आत तान्ह्या मुलाचे कपडे वाळत घातलेले. आधीच्या म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल त्यांना एवढंच माहीत होतं, की ते जाताना खोली स्वतः झाडून गेले.

मावशी परत आल्या त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही. वेबवाली त्यांच्या टेबलाजवळ येऊन बसली.

"त्यांना दिसत नाही," ती म्हणाली. "ऐकू तर येतं ना?"

"मग?"

"पत्र वाचून दाखवा. मी फोनवर ध्वनिमुद्रण करते. जे वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी, दर महिन्याला. लोक एकमेकांना पाठवतील. आजारी माणसांची देखभाल करणाऱ्यांचे किती गट आहेत, त्यांत टाकू. जाईल तिथवर जाईल."

पहिल्या खेपेला मावशींनी एक ओळच गाळली. दुसऱ्या खेपेला मागे कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं. वेबवाली म्हणाली, राहू दे, छान वाटतंय. चार मिनिटांचं ते बोलकं पत्र गेलं. पहिल्या महिन्यात काही नाही. दुसऱ्या महिन्यात कुठून कुठून निरोप आले. एका बाईनं लिहिलं, की तिची सासू रोज सकाळी तेच पत्र लावायला सांगते. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी कोठीतला फोन वाजला.

"पत्र वाचणाऱ्या बाई आहेत का?" एका स्त्रीचा आवाज. "माझ्या काकांना बोलायचंय. मी ते पत्र लावलं आणि त्यांनी वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्हाला ओळखलं. मी म्हटलं, तुम्ही तर यांचा आवाज कधी ऐकलेला नाही. तर म्हणाले, वाक्यं त्यांचीच आहेत."

मग फोन हातातून हातात गेल्याचा आवाज, आणि एक खाकरणं.

"नमस्कार," पलीकडून पुरुषाचा आवाज आला. मावशींनी मनात धरला होता त्यापेक्षा बारीक.

"नमस्कार. तुमची पत्रं मिळाली. सातही. उशिरा मिळाली."

"असं का."

"आम्ही पत्ता बदलला होता. कळवायचं राहिलं. आणि दुरुस्त्यांचा मला कधीच..."

"बरं," ते म्हणाले. मग परत म्हणाले, "बरं झालं."

एवढंच बोलणं झालं. बावीस वर्षं कागद भरून लिहिणारी ही दोन माणसं, फोनवर त्यांना हवापाण्यापलीकडे काही सुचलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मावशी पहाटेच्या गाडीनं निघाल्या. भावजयीनं डबा बांधून दिला.

"वन्सं, ती निळी साडी नेसा," ती म्हणाली.

"त्यांना दिसत नाही गं."

"तुम्हाला दिसते ना? मग नेसा."

पुतणीचं घर लहान, स्वच्छ, गॅलरीत कुंड्या मांडलेलं. ती शाळेत शिकवायला जायच्या गडबडीत होती. चहा ठेवून, मावशींना आतली खोली दाखवून ती निघून गेली. खुर्चीत एक बुटके, गोलसर, टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. मावशी क्षणभर दारातच उभ्या राहिल्या. मनातला माणूस उंच होता.

"बसा," ते म्हणाले. "प्रवासात त्रास झाला का?"

"नाही. खिडकी मिळाली."

त्यांच्या शेजारी स्टुलावर एक पत्र्याची पेटी होती. त्यांनी चाचपडत झाकण उघडलं. आत छापील पत्रं होती, आणि ती पाहून मावशी चमकल्या. तपासून परत आलेली सगळी पत्रं तर त्यांच्या स्वतःच्या कपाटात होती.

"छापखान्यात मी दुसरी प्रत मागून घ्यायचो," ते म्हणाले. "तुमचं पत्र आमच्याकडेच छापलं जायचं. पहिलं तिथेच वाचलं. मालक म्हणाले होते, गिऱ्हाइकाच्या मजकुराला हात लावायचा नाही, ते फक्त छपाईचे पैसे देतात. म्हणून घरी नेऊन तपासलं."

"तुम्ही कधी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही मजकूर द्यायला स्वतः आला असता. मग पत्र कशाला लिहिलं असतं?"

मावशी हसल्या. तेही हसले, पण चेहरा थोडा भलतीकडे वळवून. मग त्यांनी एखादं पत्र वाचून दाखवाल का, असं विचारलं, जुन्यातलं कुठलंही. मावशींनी पेटीतून हाताला लागलं ते काढलं. कुबडीच्या रबराचं होतं. त्या वाचत गेल्या, ते मान खाली घालून ऐकत गेले. एक संपलं की ते म्हणत, "आणखी एक." उन्हं गॅलरीतून खोलीत आली, खुर्चीपर्यंत पोचली आणि सरकून गेली. मध्येच एकदा त्यांनी हात पुढे केला. मावशींना वाटलं, पत्र हवंय, म्हणून त्यांनी ते हातात दिलं. त्यांनी ते नुसतं धरून ठेवलं.

निघायच्या वेळी ते दारापर्यंत आले. "पुन्हा या," म्हणाले.

"येईन," मावशी म्हणाल्या. दिवसभराचा प्रवास होता, भाडं कमी नव्हतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

परतीच्या गाडीत त्यांना खिडकी काय, बसायलाही जागा मिळाली नाही. उभ्या-उभ्याच त्या विचार करत होत्या, की आपण इतकी वर्षं नक्की कुणाची वाट पाहत होतो. या बुटक्या, प्रेमळ म्हाताऱ्याची? ते चांगलेच होते, मनापासून आवडले. पण तो दुसरा, उंच, थोडा वाकून चालणारा, तो त्या घरात कुठेच नव्हता, आणि आता त्याची वाट पाहायलाही कारण उरलं नव्हतं.

भावजयीनं दारातच विचारलं, "कसे आहेत?"

"बरे आहेत. थकलेत."

"आणि तुम्ही?"

"पाय दुखतायत," मावशी म्हणाल्या, आणि आत जाऊन साडीची घडी घातली.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी पुतणी फोन लावून देते. मावशी त्यांना नव्या महिन्याचं पत्र, बाहेर जाण्याआधी, वाचून दाखवतात. ते ऐकतात. क्वचित एखादा शब्द बदलायला सांगतात, बहुतेक वेळा "ठीक आहे" म्हणतात. वेबवालीला आता दुसरीकडे पूर्ण पगाराची नोकरी लागली आहे, तरी ध्वनिमुद्रणाला ती शनिवारी येते. छापील पत्रही तीन महिन्यांतून एकदा निघतं, त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत कोठीचा पत्ता असतो.

रोज अकराच्या सुमारास पोस्टमन येतो. त्या उंच वेलांट्यांचं अक्षर आता कधी येणार नाही, हे मावशींना माहीत आहे. ज्या हातानं ते काढलं जायचं तो हात त्यांनी स्वतः पाहिला आहे, कागदावर नुसता ठेवलेला. तरी पाकिटं टेबलावर आली की आधी त्या ती सगळी, वरून खालपर्यंत, अक्षरं पाहत चाळतात. मग कात्री घेऊन पहिलं पाकीट उघडतात.